मधलं अंतर

धोंडूने मालगुंडहून वऱ्हाडाची बस काढली, तेव्हाच नवरदेवाची आई आनंदीबाई त्याच्या पाठीमागच्या सीटवर ठाण मांडून बसली.

"धोंडूभाऊ, पालीला पोचायला उशीर झाला तर मुहूर्त चुकेल. मग मी तुम्हाला सोडणार नाय!"

"पोचवतो की," धोंडू म्हणाला.

बस कोरी करकरीत होती. सरळ रस्त्यावर वेग एकदा लावून दिला की ती पुढच्या गाडीपासून आपणच अंतर राखायची आणि धडक बसेलसं वाटलं की कर्कश बोंब मारायची. तिच्यासाठी मालकाने धोंडूला मुद्दाम शिकायला धाडलं होतं. वळणावर, गर्दीत हे अंतर राखणारं यंत्र बंद ठेवायचं आणि चालू असलं तरी पाय ब्रेकजवळच हवा, असं तिथे बजावलं होतं. धोंडूने ते मनावर घेतलं होतं. कुणी काही म्हणो, यात तसूभर फरक करायचा नाही, हे त्याचं पक्कं होतं.

निवळीपर्यंतच्या वळणांवर त्याने बस स्वतःच चालवली. हायवे सरळ, रुंद झाल्यावर यंत्र चालू केलं. पुढे मोकळी जागा दिसताच एक रिक्षा शिरली. बस गुमान मागे सरली. मग दुधाचा टेम्पो शिरला. बस आणखी मागे सरली.

"एवढी जागा कशाला ठेवताय?" आनंदीबाई कडाडली. "तिथे मांडव घालता येईल!"

"आई, ते सुरक्षित अंतर आहे," नवरदेव दर्शन म्हणाला.

"तू गप बस. मुंडावळ्या सांभाळ."

एवढ्यात दर्शनचा बाबल्यामामा डुलत पुढे आला. "धोंडू, बंद कर ते यंत्र. गाडी कशी घुसवायची ते मी सांगतो."

"मामा, सीटवर बसा आणि पट्टा बांधा."

"मी लग्नाला आलोय, विमानात बसायला नाय!"

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. "आलोच, आलोच! पाली दिसायलाच लागलीय," आनंदीबाईने ठोकून दिलं. नुकताच मागे टाकलेला हातखंबा अजून आरशातसुद्धा मावळला नव्हता.

इतक्यात डावीकडून एक स्कूटर सुसाट आली. स्वाराचं उपरणं पताकेसारखं फडफडत होतं. तो थेट बसच्या पुढ्यात शिरला आणि त्याच क्षणी त्याला कुत्रा आडवा आला. यंत्राची बोंब आणि धोंडूचा ब्रेक एकदमच झाले. बाबल्यामामा मानपानाच्या साड्यांच्या ढिगावर जाऊन बसला आणि आनंदीबाईची वेणी नाकावर आली. बस थांबली ती आडव्या पडलेल्या स्कूटरच्या वीतभर मागे. रस्त्यावर नारळ, सुपाऱ्या घरंगळत होत्या आणि त्यांच्या मधोमध स्वार बसला होता.

"आई!" दर्शन ओरडला. "आपले गुरुजी!"

धोंडूने गुरुजींना उठवलं. खरचटलंसुद्धा नव्हतं, पण ते पुन्हा स्कूटरवर बसायला तयार नव्हते.

"मला उशीर झाला हो," गुरुजी म्हणाले. "तुमच्या बसपुढे भरपूर जागा दिसली, म्हणून शिरलो."

आनंदीबाईने त्या जागेकडे पाहिलं. ती नसती तर काय झालं असतं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. स्कूटर आणायचं काम तिने मामावर टाकलं. "आणि अंतर ठेवून ये हो, मेल्या!"

गुरुजींना पहिल्या सीटवर बसवून बस निघाली. आता धोंडूलाच वेळेची काळजी लागली. पण जरा वेग वाढला की गुरुजी दोन्ही हातांनी दांडा धरायचे.

"सावकाश! पुढचा ट्रक फार जवळ आहे. अंतर वाढवा."

"वाढवलंय, गुरुजी. यंत्रात याहून जास्त सोयच नाय."

"मग यंत्र बंद करा आणि तुमच्या पायाने वाढवा!"

धोंडूने यंत्र बंद करून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. मागून येणारी सायकलसुद्धा घंटी वाजवून पुढे गेली. फोन पुन्हा वाजला, तेव्हा आनंदीबाईने वेणी सारखी करून तो ऐटीत कानाला लावला.

"उशीर? उशीर कसला, विहीणबाई? गुरुजी आमच्याकडे आहेत. आम्ही पोचू, तोच मुहूर्त!"