उंद्रीचं घंगाळ आणि तायडे मास्तरांची इंग्रजी

तायडे मास्तर माझ्या दुकानात आले की आधी भांडं उपडं करत. नवं नाही, मोडीचं. ढिगातलं एखादं पोचे पडलेलं पातेलं उचलायचं, त्याचा काठ रुमालानं पुसायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि भांडं उजेडाकडे धरून मोठ्यानं वाचायचं, "चि. सौ. कां. वत्सला हिस मामाकडून सप्रेम भेट." मग माझ्याकडे अशा नजरेनं वळायचं, की जणू वत्सलेला मीच पळवून आणलं आहे.

"शेठ, याच्यावर इन्स्क्रिप्शन आहे."

"असंन. धा भांड्यांतल्या नवांवर असते."

"आन् तुमी हे वितळवून टाकता?"

"नाही, देवघरात मांडून ठेवतो."

घ्यायचं काही नाही, द्यायचं काही नाही. तासभर ढीग उपसायचा, नावं वहीत उतरवायची आणि जायचं. मोडीच्या भांड्याला कोणी हात लावला तर कोणाची हरकत नसते. ते भट्टीतच जायचं असतं. म्हणून मीही काही बोलत नसे.

अमडापूरच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. ते मला कोणी दिलेलं नाही. मी चौथी शिकलो आणि दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालू लागलो. आमच्याकडे लग्नात भांडं दिलं आणि त्यावर देणाऱ्याचं नाव नसलं, तर ते दिलंच नाही असं धरतात. त्यामुळे छिन्नी-हातोडीला काम भरपूर. पुढे डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव नवी भांडी दिली, जुनी घेतली. मग दुकान. हे बढाई म्हणून सांगत नाही. मास्तरांनी माझं नुकसान केलं तेव्हा त्यांना हे सगळं ठाऊक होतं, एवढ्यासाठी सांगतो.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शेर गेला होता, किलो आला होता आणि त्याच्या मागोमाग स्टील आलं होतं. बायकांना पितळ घासायचा कंटाळा आला होता. घरोघरचे हंडे, पराती, पाण्याचे गुंड बाहेर निघत होते. ते घ्यायचे, बदल्यात स्टील द्यायचं आणि जुना माल मलकापूरच्या व्यापाऱ्याकडे रवाना करायचा, असं माझं काम जोरात चाललं होतं. नेमके त्याच वेळी तायडे मास्तर आमच्या शाळेत बदलून आले.

मास्तर धामणगाव बढ्याकडचे. बौद्ध घरातले, घराण्यातले पहिले मॅट्रिक. गावात एक खोली घेऊन एकटेच राहत आणि इतिहास व इंग्रजी शिकवत. पण शिकवताना हे दोन विषय त्यांना वेगळे ठेवता येत नसत. ट्रेनिंगच्या काळात ते एकदा नागपूरचं संग्रहालय, अजब बंगला, पाहायला गेले होते. बरोबरीच्या पोरांनी पेंढा भरलेला वाघ पाहिला. मास्तरांनी वस्तूंपुढच्या इंग्रजी चिठ्ठ्या उतरवून घेतल्या. पहारेकऱ्यानं बाहेर काढेपर्यंत ते लिहीत होते. आर्टिफॅक्ट, रेलिक, एन्शंट, पीरियड हे शब्द त्यांनी तिथून आणले आणि आमच्या गावाला चिकटवायला सुरुवात केली.

स्वतःच्या सायकलला ते एन्शंट म्हणत. ते खरंच होतं. पंचायतीच्या खुर्चीला रेलिक म्हणत आणि खुर्चीवर बसणाऱ्याकडे पाहत. एकदा माझ्या सासूबाई दुकानात बसल्या होत्या. जुन्या काळच्या गोष्टी सांगत होत्या. मास्तर तासभर ऐकत राहिले आणि उठताना मला म्हणाले, "शेठ, तुमच्या सासूबाई म्हणजे प्रायमरी सोर्स होय."

सासूबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "काय म्हनला हा मास्तर मले?"

"चांगलंच म्हनले, आई."

"चांगलं असतं तं मराठीत म्हनला असता!"

मी एकदा मास्तरांना तेच विचारलं. "मराठीत काऊन बोलत नाही हो तुमी? आमाले समजन तरी."

"बोलून पाह्यलं, शेठ," मास्तर म्हणाले. "जुनं आहे म्हटलं की लोक फेकून देतात. आर्टिफॅक्ट म्हटलं की हात थांबते."

मला त्यातलं पहिलं वाक्य पटलं, कारण माझा धंदाच त्यावर होता. दुसऱ्याकडे मी लक्ष दिलं नाही. ती माझी चूक.

मास्तरही चुकत. एकदा माझ्या ढिगात त्यांना तांब्याचा हंडा सापडला. त्याच्या गळ्याशी कुठल्याच लिपीत न बसणारी वेडीवाकडी अक्षरं होती. मास्तर हंडा उधार घेऊन गेले. कागद लावून त्यावर कोळसा घासला, अक्षरांचे ठसे घेतले. आठवडाभर शाळेत दुसरं काही शिकवलं नाही. हेडमास्तर आले, पाहून गेले. बाजारात बातमी झाली की हंडा फार पुराणा निघाला, आता पुण्याहून कोणी येणार. मी शाळेत गेलो आणि हंडा पाहिला.

"मास्तर, हे मी घातलेलं नाव आहे."

पोरं हंडा सोडून माझ्याकडे पाहू लागली.

"पयल्या वर्षीचं. हात बसला नव्हता माझा. 'गंगुबाई' लिवलेलं आहे."

दुसरा माणूस असता तर तोंड लपवून बसला असता. मास्तरांनी हंडा पुन्हा उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि पोरांकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "लिहून घ्या. हा शेठचा अर्ली पीरियड."

पण हसण्यावारी नेण्याचे दिवस उंद्रीच्या घंगाळाबरोबर संपले.

आमच्याजवळच्या उंद्री गावात एका पाटलीणबाईंकडे तांब्याचं घंगाळ होतं. दोन जाड कड्यांचं, दोघांनी उचलावं असं. त्यांच्या लग्नात माहेरहून आलेलं. तसं तांबं पुन्हा पाहायला मिळत नाही. मी तीन खेपा केल्या. दर खेपेला बाई स्टीलचं ताट बोटांच्या पेरांनी वाजवायच्या आणि म्हणायच्या, "वाजते तं बरं, पन हलकं आहे."

"हलकं म्हनूनच भारी आहे, आजी. सुनेचे हात दुखनार नाहीत."

"सुनेचे हात दुखन्यासारखं ते काई करतच नाही."

चौथ्या खेपेला सौदा जुळला. सहा ताटं, दोन डबे, एक कळशी. मी ओसरीवर बसून घंगाळाच्या कड्यातून दोर ओवत होतो, तेवढ्यात बाहेर सायकल वाजली. मास्तर पटावरून गळालेली पोरं गोळा करत उंद्रीत फिरत होते. मला पाहून अंगणात आले. मी ओसरीवर होतो; मास्तर अंगणातच थांबले, बाजेशेजारी. वर या, असं कोणी म्हटलं नाही.

"शेठ," त्यांनी तिथूनच हाक मारली, "जरा फिरवता का? काठ वाचू द्या."

आणि मी फिरवलं. अजूनही आठवलं की माझ्या कानशिलाच्या शिरा उडतात. माझ्या हातांनी मी ते घंगाळ इंच इंच फिरवत गेलो आणि मास्तर अंगणातून मोठ्यानं वाचत गेले. बाईंच्या वडिलांचं नाव. चार काकांची. मग आत्यांची. शेवटी, बहुधा जागा उरली म्हणून, गावच्या जोश्याचं.

पाटलीणबाई खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. इतकी वर्षं त्या घंगाळात पाणी तापवून ओतत होत्या, पण त्यावर कोणाकोणाची नावं आहेत हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"आमच्या धाकल्या काकाचं बी हाय?" त्यांनी विचारलं. "पुन्हा वाच बरं."

मास्तरांनी पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "आजी, याले इंग्रजीत हेअरलूम म्हनतात."

"म्हंजे काय रे बा?"

"पिढ्यान् पिढ्या घरात राह्यते ते. याले इकत नसतात."

बाईंचा चेहरा उतरला. ज्या वस्तूला इंग्रजी नाव असतं तिची सरकारात नोंद असते, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. "इकलं तं धरतीन का?" त्यांनी हळूच विचारलं.

"तसं नाही, आजी," मास्तर म्हणाले. पण ते कोण ऐकतो? दोर कड्यातून निघाला. ताटं, डबे, कळशी माझ्या पाटीत परत आली. संध्याकाळपर्यंत सबंध उंद्रीत हेअरलूम लागू झालं होतं. लोकांनी हंडे कडब्याखाली लपवले. पुढच्या बाजारी एक जण मला बाजूला घेऊन विचारू लागला, "दोन एकरवाल्याले बी लागू आहे का हो हे?"

मलकापूरच्या व्यापाऱ्याला मी शब्द देऊन बसलो होतो. त्याच्यापुढे माझी मान खाली गेली. त्याच बाजारी मास्तर दुकानाशी आले तेव्हा मी भरबाजारात ओरडलो, "मास्तर, या पायरीवर पाय ठेवायचा नाही! तुमच्या इंग्रजीनं माह्यं घर बुडालं!"

मास्तर पायरीपासून मागे सरले. पण दर बाजारी येत राहिले. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून, चष्मा कधी वर, कधी खाली करत, माझ्या ढिगातली नावं वाचायची धडपड करत. मी मुद्दाम भांडी उलटी मांडायला लागलो.

पावसाळा गेला आणि उंद्रीहून निरोप आला. सुनेनं स्टीलसाठी अबोला धरला होता. पाटलीणबाईंनी सांगून पाठवलं होतं की घंगाळ द्यायला त्या तयार आहेत, फक्त मास्तरानं लावलेलं कलम मास्तरानंच काढावं. तो 'काढलं' म्हणाला की शेठनं येऊन उचलावं.

मी त्याच दुपारी शाळेत गेलो. शाळा सुटली होती. मास्तर वर्गाच्या कोपऱ्यातल्या कपाटाशी उकिडवे बसले होते. फळ्यांवर एक घासलेलं नाणं, फुटका दगडी दिवा, कुठल्याशा देवळाचा कोरीव तुकडा अशा वस्तू मांडल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे इंग्रजी चिठ्ठी होती. मी उभ्याउभ्याच निरोप सांगितला. भांडायची सगळी तयारी करून गेलो होतो.

"बरं," मास्तर म्हणाले. "त्यांचं आहे, त्यायनं ठरवावं. सांगा त्याईले, म्या शब्द मागं घेतला."

आयुष्यभर सौदे केलेल्या माणसाला इतक्या लवकर आलेला होकार आवडत नाही. "बदल्यात काय पाह्यजे?" मी विचारलं.

मास्तर कपाटाकडे वळले. मग खालच्या फळीमागून त्यांनी पितळेचा एक नवा तांब्या काढला. "याच्यावर नाव घालून द्यान का?"

मी तांब्या हातात घेऊन वाजवला. "हा माह्या दुकानातला नाही."

"चिखलीहून आनला. तुमची पायरी बंद होती."

"फसवलं तुमाले. पत्रा पातळ आहे."

"असू द्या."

छिन्नी माझ्या पिशवीत असतेच. मी खाली बसलो. "बोला. कोनाकडून, कोनाले?"

"कोनाकडून नाही. नुसतं कौतिका घाला."

"कोन कौतिका?"

"माय माही." ते खिडकीबाहेर पाहत होते. "गेली मागच्या साली. तिच्या लग्नात भांडं आलं नव्हतं कोनाचं. होतं ते मातीचं, फुटत गेलं. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, शाळेत ते गेली नाही. तुमच्याकडं इतकी नावं वाचली म्या, तिच्या नावाची दुसरी बाई सापडली. ते सापडली नाही."

त्या अर्ध्या तासात मास्तरांच्या तोंडून एकही इंग्रजी शब्द आला नाही.

तीन अक्षरं. माझा हात आता असा बसला आहे की बोलता बोलता घालून होतात. त्या दिवशी वेळ लागला. पत्रा पातळ होता, ठोका जपून द्यावा लागत होता. झाल्यावर काठ पुसून तांब्या त्यांच्याकडे दिला. पैसे विचारले तेव्हा मी रागानं पाहिलं, आणि त्यांनी पाकीट ठेवून दिलं.

मग त्यांनी वर्गातल्या माठातून तांब्या भरला आणि माझ्यासमोर धरला. "ऊन फार आहे. पानी घ्या, शेठ."

इतके दिवस हा माणूस माझ्या दुकानात तास तास उभा होता. मी त्यांना कधी पाणी विचारलं नव्हतं. त्यांनीही मागितलं नव्हतं. तांब्या पुढे करून ते तसेच उभे होते. पाणी काठाशी होतं. मी घेतला आणि प्यालो.

घंगाळाचं म्हणाल तर ते अजून उंद्रीलाच आहे. मास्तरांनी शब्द मागे घेतल्याचं पाटलीणबाईंना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. सूनबाई माझ्या नावानं बोटं मोडते असं ऐकतो. मास्तरांमुळे माझं नुकसान झालं ते झालंच, आणि ते मी त्यांना अधूनमधून ऐकवतो. ते आता दुकानाच्या आत, पंख्याखाली बसून ऐकतात.