डॉड प्रिंगलचा शेवटचा फटका

एफी प्रिंगलने नवऱ्याला बिस्किटांच्या मोठ्या डब्यात घालून क्लबच्या ऑफिसात आणलं आणि सेक्रेटरीच्या टेबलावर ठेवलं.

"वॅटी, हा घे डॉड. शनिवारपर्यंत सांभाळ. घरात असला की मी त्याच्याशी भांडत बसते, आणि उत्तर येत नाही म्हणून जास्तच डोकं फिरतं."

वॅटी लॉरिमर बॅलनक्रेग गोल्फ क्लबचा सेक्रेटरी होता. क्लबची नियमावली इतकी जुनी होती, की सभासदांनी घोडे कुठे बांधावेत हे तिच्यात अजून लिहिलेलं होतं आणि वॅटीला ते तोंडपाठ होतं. डॉड त्याचा चाळीस वर्षांचा खेळगडी. दर गुरुवारी दोघं खेळायचे. डॉड खाटीक होता, मनगटात जोर भरपूर; पण मारलेला प्रत्येक चेंडू आधी थोडा सरळ जायचा आणि मग काही आठवल्यासारखा उजवीकडे वळून काटेरी झुडपांत शिरायचा. वॅटीही मागोमाग शिरायचा, मात्र हातात घड्याळ घेऊन. हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात, असा नियम आहे. "वेळ संपली, डॉड," हे वाक्य त्याने लग्नाच्या बायकोलाही 'गुड मॉर्निंग' म्हटलं नसेल इतक्या वेळा म्हटलं होतं.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी डॉडने त्याचा हात धरला होता. "वॅटी, माझी राख कढईत टाक."

कढई म्हणजे सातव्या होलशेजारचा वाळूचा खोल खड्डा. "अर्धा जन्म तिथंच गेलाय माझा," डॉड म्हणाला, "आता म्हातारपणी नवी जागा कशाला बघायची?" वॅटीने शब्द दिला होता. आयुष्यात त्याने डॉडला दुसरी कसलीच सवलत दिली नव्हती.

तर आता डबा ठेवायचा कुठे? मोठ्या दालनात, शेकोटीवरच्या फळीवर, जुन्या कॅप्टनांच्या तसबिरींखाली ठेवावा असं वॅटीच्या मनात आलं. त्याने नियमावली उघडली. सभासदत्व मृत्यूबरोबर संपतं. म्हणजे डॉड आता पाहुणा. आणि पाहुण्याला कोट आणि टाय असल्याशिवाय दालनात प्रवेश नाही. वॅटीने डब्याकडे बराच वेळ पाहिलं. मग जड मनाने डबा उचलला आणि मैदानाची देखभाल करणाऱ्या टॅम गेडिसच्या शेडमध्ये, खतांच्या फळीवर नेऊन ठेवला. टॅम नेमका सुट्टीवर होता.

त्याच आठवड्यात वॅटीने फलकावर एक नोटीस लावली. फटका मारताना गवताची खपली उडते आणि जमिनीत खळगा पडतो. तो वाळू आणि बियाणं घालून बुजवायचा असतो, त्यासाठी पिशव्या दिलेल्या असतात, आणि सभासद मात्र सभ्यपणे दुसरीकडे बघत पुढे जातात. नोटिशीत लिहिलं होतं, की यापुढे एकही खळगा उघडा दिसला तर संबंधिताचं नाव जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवण्यात येईल.

शनिवारी सकाळी स्पर्धा होती. बॅलनक्रेगच्या इतिहासात असं दृश्य कोणी पाहिलं नव्हतं. बँकेचे मॅनेजर, दातांचे डॉक्टर, दोन माजी कॅप्टन गुडघे टेकून खळगे बुजवत होते. काही तर दुसऱ्यांचेही. वॅटी खिडकीतून समाधानाने बघत होता.

राख टाकायला एफी चारला यायची होती. तीनच्या सुमारास तो शेडमध्ये गेला. टॅम सुट्टीवरून परतला होता. डबा फळीवर होता. त्यात खिळे होते.

"टॅम," वॅटी म्हणाला, "ह्यात जे होतं ते कुठाय?"

"ते हाडांचं खत ना? मिसळलं की वाळूत. तुमची नोटीस वाचली अन् म्हटलं, ह्या वेळी साहेबांना माल चांगला देऊ. काय मस्त बारीक होतं, लॉरिमरसाहेब. कुठल्या दुकानातून आणलं?"

वॅटीने खिळे फळीवर ओतले.

"ते खत नव्हतं. तो डॉड प्रिंगल होता."

टॅमने टोपी काढली. थोडा वेळ विचार केला.

"म्हणजे हाडांचं होतंच," तो हळूच म्हणाला.

"टॅम."

"नाही, मी आपलं मालाबद्दल बोललो. एक पिशवी उरलीय बघा. बाकी सगळा मैदानात गेला."

वाळू आणि हिरवं बियाणं घातलेला नवरा एफीपुढे ठेवणं शक्य नव्हतं. वॅटीने आयुष्यात पहिल्यांदा नियमाबाहेरचं काम केलं: दालनात कोणी नाही असं पाहून शेकोटीतली राख फावड्याने डब्यात भरली. उरलेली पिशवी मात्र खांद्याला लावली. डॉडचा चिमूटभर तरी अंश कढईत पडावा, एवढी सदसद्विवेकबुद्धी अजून शिल्लक होती.

एफी आली, काळा कोट घालून. सातव्या होलपर्यंत दोघं चालत गेले. कढईच्या काठावर तिने डबा हातात घेतला आणि चमकली.

"वॅटी, हा गरम का लागतोय?"

"उन्हात ठेवला होता."

एफीने आभाळाकडे पाहिलं. बॅलनक्रेगला ऊन जूनमध्ये येऊन गेलं होतं. तिने झाकण उघडलं, बोट घातलं, वास घेतला.

"जन्मभर शेगडी साफ करतेय मी. हा कोळसा आहे." तिने झाकण लावलं. "माझा नवरा कुठाय?"

वॅटीने सांगितलं. नियमावली, शेड, नोटीस, टॅम. सांगताना तो एकदाही वर बघू शकला नाही. "त्याला शब्द दिला होता मी, एफी. एवढं एकच मागितलं त्याने."

एफी रागावली नाही. तिच्या चेहऱ्यावर भलतंच कुतूहल दिसू लागलं.

"सगळा मैदानात म्हणजे नक्की कुठे?"

"खळग्यांत. मधल्या कापलेल्या पट्ट्यात, सरळ मारलेले चेंडू पडतात तिथे."

"पहिल्या होलच्याही?"

"पहिल्याच्याही."

"दाखव."

दोघं मागे गेले. पहिल्या होलच्या पट्ट्याच्या मधोमध, गवतात वाळूचा ताजा ठिपका होता. एफी वाकून बघत राहिली.

"इथे डॉड कधी आला होता?"

वॅटीने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "जिवंतपणी नाही."

दुसरा होल. तिसरा. एफी प्रत्येक ठिपक्याशी थांबायची. "हाही बरोब्बर मधे," म्हणायची आणि पुढे निघायची. चौथ्याला तिने रुमाल काढला. पण तो हसू दाबायला होता की कशाला, हे वॅटीला विचारवेना.

"चाळीस वर्षं दर गुरुवारी घरी येऊन सांगायचा, एफी, एक दिवस सगळे सरळ मारणार," ती म्हणाली. "मी म्हणायची, आधी पाय पूस."

फिरून पुन्हा कढईशी आले तेव्हा समुद्रावरून वारा सुटला होता. एफीने वॅटीच्या खांद्यावरची पिशवी मागून घेतली.

"शब्द दिलायस ना? मग एवढा तरी टाकू."

तिने मूठ भरून फेकली. वाळू आणि बियाणं कढईत खाली पडलं. बारीक राखाडी धूळ मात्र हवेतच राहिली, थोडी सरळ गेली, आणि मग काही आठवल्यासारखी उजवीकडे वळून काटेरी झुडपांत शिरली.



"उजवीकडे," वॅटी म्हणाला.

"दुसरीकडे कुठे जाणार तो," एफी म्हणाली.

वॅटीचा हात सवयीने खिशातल्या घड्याळाकडे गेला आणि तिथेच थांबला. रिकामाच बाहेर आला. मग त्याने कोटाची कॉलर वर केली, काटे बाजूला सारले आणि झुडपांत शिरला. एफी पलीकडून शिरली. काय शोधायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, पण बराच वेळ ते शोधत होते, आणि वेळ संपली असं त्या दिवशी कोणी म्हणालं नाही.