बरणीतला दगड

यंदाच्या लोणच्याला रॉकेलचा वास येत होता, आणि त्यापायी चतुराबाईंनी तेलवाल्या नितेशला भर गल्लीत धुऊन काढलं होतं. "मातीतेल मिसळून इकते मेला," असं त्या अमरावतीत भेटेल त्याला सांगत. आजवर त्यांचं लोणचं कधी बिघडलं नव्हतं, मग माणूस चिडणार नाही तर काय करेल?

त्यात त्यांच्या मुलीला, प्रियदर्शनीला, तिच्या देवमन सरांचा फोन आला. ती भूगर्भशास्त्रात पीएच.डी. करत होती. फार जुन्या काळी चिखलात गाडल्या गेलेल्या शेवाळाचं, झाडपाल्याचं, त्या चिखलाचा दगड होताना खनिज तेल बनतं का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी खोल बोअरमधून निघालेला काळा गोल दगड तिला एकच मिळाला होता. कॉलेजात रंगकाम निघालं. रंगाच्या वासानं तो खराब होईल म्हणून तिनं तो घरी आणून ठेवला, आणि मागच्या आठवड्यात त्यातला तुकडा तपासायला दिला.

"प्रयोगशाळेवाले म्हणतात, तुह्या दगडाले हिंगाचा वास येऊन राहिला," सर म्हणाले. "काहून?"

प्रियदर्शनी तडक स्वयंपाकघरात गेली. "आई, माह्या दगडाले कोणी हात लावला?"

"फोडी वर येत होत्या, म्हून दाबाले ठेवला. बरणीत बरोबर बसला. मंग घासूनपुसून तुह्या चंदेरी कागदात होता तसा ठेवून देल्ला. मी काई अडाणी आहो का?"

"कोट्यवधी वर्षांचा दगड आहे तो. त्याले बोटाचं तेल लागलं तरी वाया जाते. माही पीएच.डी. बुडवली तू."

"मंग सांगून ठेवा लागत होतं. दगडाले वय विचारू का मी?" चतुराबाईंनी बरणीच तिच्या नाकाखाली धरली. "अन् माह्या लोणच्याचं काय? पाय, कसा वास मारते."

प्रियदर्शनीनं वास घेतला. पुन्हा घेतला. तेलावर काळसर तवंग होता. नितेशचंच तेल रोजच्या भाजीतही पडत होतं, पण भाजीला कसलाच वास नव्हता.

तिनं लगेच फोन केला. संध्याकाळी देवमन सर आले, त्यांनी बरणी हुंगली आणि त्यांचा चेहरा खुलला. "ताई, लोणच्याच्या तेलानं दगडातलं तेल ओढलं. म्हणजे आत माल दिसते. आता उरलेल्या दगडाचा मधला कोरा भाग कापून पुन्हा तपासू. ही बरणीही नेतो."

प्रियदर्शनीचा जीव भांड्यात पडला. चतुराबाई मात्र तशाच फुगून उभ्या.

"न्या बरणी," त्या म्हणाल्या. "पण जाताना नितेशच्या दुकानात थांबा. मातीतेल त्याचं नव्हतं, हे तुमीच सांगा त्याले. मी नाही सांगत."