चालू इंजिनाचा पुरावा

परीक्षक कोणत्याही क्षणी येणार होते आणि अप्पा सकाळपासून मोटारीभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरत होते. शंभरीला टेकलेली ही विलायती गाडी पुन्हा उभी करण्यात त्यांची निवृत्तीनंतरची सगळी उमेद खर्ची पडली होती. आज तिचे इंजिन निःशब्द ठरले, तरच जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात तिला जागा मिळणार होती.

"अहो, टेका की जरा! तुमच्याकडे बघून मलाच गरगरायला लागलं," पत्नी दारातून म्हणाली.

"इंजिन तापू दे. चालू आहे."

"चालू आहे? मला वाटलं, परत रुसलं."

अप्पा सुखावले. इतर इंजिनांत झडपा खटखट उघडमीट करतात. या गाडीच्या निर्मात्यांनी त्यांना फाटा देऊन प्रत्येक सिलिंडरात दोन पातळ नळ्या बसवल्या होत्या. त्या तेलात न्हाऊन बिनबोभाट वरखाली सरकत. त्यातले थोडे तेल मात्र जळे आणि मागून निळा धूर निघे. आज तो अंमळ जास्तच निघाला.

कुंपणापलीकडच्या वकिलांनी तो पाहिला. आवाज नाही, अर्थात गाडी बंद. बंद गाडीतून धूर, अर्थात आग. हा युक्तिवाद त्यांनी लगोलग अग्निशमन दलाला फोनवर ऐकवला.

बंब आला. त्यावरचे अधिकारी पाण्याचा पाइप घेऊन आत घुसले, तसे अप्पा हात पसरून आडवे आले.

"पाणी नको! आग नाही, इंजिन चालू आहे!"

"काका, व्हा बाजूला. चालू इंजिन असं मुकं असतं होय?"

"तेच तर हिचं वैशिष्ट्य!" अप्पांनी खिशातले नाणे बॉनेटवर उभे केले. ते तसूभरही हलले नाही. "बघा!"

"बघितलं. म्हणजे बंदच आहे."

"थांबा, आतला फिरता पंखाच दाखवतो."

"बॉनेट उघडू नका! हवा लागली की भडका उडेल!"

अप्पांनी दारातून पाय घालून ॲक्सिलरेटर दाबला. आवाज वाढला नाही, धूर तेवढा दुप्पट झाला.

"अहो, मग बंदच करा ना ते!" पत्नी ओरडली.

"बंद केलं तर परत सुरू व्हायला दुपार उजाडेल! परीक्षक येतायत!"

पाइपाचे तोंड बॉनेटकडे वळले. उरलेला इलाज एकच होता, आणि तो म्हणजे या इंजिनाचा धडधडीत अपमान होता. अप्पा जड मनाने स्टीअरिंगशी बसले, ठिणगीची वेळ ठरवणारा दांडा त्यांनी पार मागे ओढला आणि पेट्रोल वाढवले. ठिणगी उशिरा पडू लागली आणि न जळलेले पेट्रोल मागच्या धुराच्या नळीत जाऊन पेटले.

धडाम! धाड! धडाम!

वकील कुंपणाआड दिसेनासे झाले. अधिकाऱ्यांनी पाइप खाली केला.

"आता पटलं, काका. चालू आहे."

अप्पांनी घाम पुसला.

"मलाही पटलं," फाटकातून कोणीतरी म्हणाले. दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून तिथे परीक्षक उभे होते.