कुठून कुठपर्यंत?

आमच्या शेजारच्या रघुवीर मास्तरांना ‘काय, बरं चाललंय ना?’ असं चुकूनही विचारू नका. ते चष्मा कपाळावर चढवतील आणि तुम्हालाच विचारतील, “कुठून कुठपर्यंत धरायचं?”

पेडण्यात आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस आम्हा चोपडे गावच्या लोकांच्या डोक्याला ताप आहे. पाव लहान होत चाललेत असं मी दारावर पाव विकणाऱ्या पोदेराला सुनावत होते, तर मास्तरांनी माझीच उलटतपासणी घेतली. गावाची प्रगती जोरात आहे असं एका पुढाऱ्याने भाषणात म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेतून हाच प्रश्न गेला. तेव्हापासून मास्तरांना कार्यक्रमाचं आमंत्रण कार्यक्रम झाल्यावर मिळतं.

माझी मुलगी एकदा गणितात अडली. वर्ग फलन आणि त्यातला बदलाचा सरासरी दर. मी लोणच्याची लिंबं पुसत बसले होते, त्यातलंच एक मास्तरांनी उचललं, वर फेकलं आणि झेललं.

“हातातून निघालं, हातात आलं. उंचीतला सरासरी बदल किती?”

“शून्य,” मुलगी म्हणाली.

“मग लिंबू हललंच नाही?”

मग त्यांनी समजावलं. लिंबू आधी झपाट्याने चढतं, मग मंदावतं, टोकाला क्षणभर थांबतं आणि उतरू लागतं. हातापासून टोकापर्यंत धरलं तर चढ, टोकापासून धरलं तर उतार. सरासरी खोटी नसते, पण ‘कुठून’ आणि ‘कुठपर्यंत’ ही दोन टोकं सांगितल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. मुलीला ते पक्कं कळलं. दुसरं लिंबू कौलांवर गेलं ते मात्र अजून खाली आलेलं नाही.

गेल्या वर्षी सुशीलाकाकींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. त्या खाटेला खिळल्या. शिगम्यात, होळीच्या दिवसांत, देवाची पालखी अंगणात येते, तेव्हा तुळशीपाशी जाऊन आपण स्वतः भोयांच्या पायांवर पाणी घालायचं, एवढाच त्यांनी ध्यास घेतला. मास्तर रोज सकाळी त्यांना धरून चालवायचे. कुंपणापलीकडून मला ऐकू यायचं, “टाक गो पाऊल. आणि एक.” काकी खोलीच्या दारापर्यंत आल्या, वसरीत, म्हणजे पुढच्या सोप्यात आल्या, आणि थंडीत एकदा थेट तुळशीपर्यंत पोचल्या. मास्तरांनी त्या दिवशी मला आपण होऊन ‘सगळं बरं आहे’ म्हणून सांगितलं. मी गारच पडले.

पुढे मात्र पाय जड होत गेले. तुळस लांब राहिली, मग पायरीही. मला दिसत होतं ते मास्तरांना दिसत नव्हतं थोडंच?

पालखी आली त्या दिवशी काकी नवं लुगडं नेसून उंबऱ्यापर्यंत आल्या आणि चौकट धरून थांबल्या. पुढे पाऊल उचलेना. एरवी कोणापुढे न वाकणारे मास्तर अंगणात उतरले आणि भोयांपुढे हात जोडून म्हणाले, पालखी एवढी पुढे आणा. पालखी उंबऱ्याखालच्या पायरीशी आली. काकींनी चौकट न सोडता पाणी घातलं, थोडं पायांवर, बरंचसं मास्तरांच्या धोतरावर.

ढोल लांब गेल्यावर काकी म्हणाल्या, “थंडीत मी तुळशीपर्यंत गेले होते. आता उंबऱ्यातच अडकले. खरं सांगा, उतरणीला लागलेय ना मी?”

मी पाण्याचा तांब्या उचलायचं निमित्त करून खाली बघत राहिले. उभ्या गावाला टोकं विचारणारा हा माणूस आता काय सांगणार?

मास्तरांनी चष्मा काढून धोतराला पुसला. धोतर ओलं, काच आणखीच धूसर झाली.

“थंडीपासून कशाला धरतेस?” ते म्हणाले. “खाटेपासून धर. खाटेपासून उंबऱ्यापर्यंत. चढच आहे गो.”

इतकी वर्षं मास्तरांबरोबर संसार केलेली बाई, तिला गणित कळलं नसेल असं नाही. काकी फक्त म्हणाल्या, “बरं, खाटेपासून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून पुन्हा आवाज आला, “टाक गो पाऊल.”