त्या भाकऱ्या कुणी थापल्या?

केज तालुक्यात माझ्याशिवाय कुणी मरत नाही. म्हणजे मरतात, पण ते पक्कं धरलं जात नाही. गावचे पुढारी भगवानरावआबा यांच्या फेसबुकच्या पानावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडली की मगच आमचं युसूफ वडगाव मानतं, माणूस खरंच गेला. आणि आबांचं पान मी चालवतो. मी रामेश्वर. बाजारात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस आणि दशक्रिया एकाच मशीनवर निघतात, आणि आजवर एकदाही अदलाबदल झालेली नाही!

(एकदा झाली होती. पण त्या घरच्यांनी चालवून घेतलं.)

तर पंडित हेमकांत दाभाडे गेले. मोठे सरोदवादक. अख्खा महाराष्ट्र मोबाइलवर रडायला लागला. ज्याच्या त्याच्याकडे पंडितजींची आठवण निघाली. कुणी त्यांच्या मांडीवर खेळलेलं, कुणी विमानात शेजारी बसलेलं, कुणाच्या तर पाठीत त्यांनी प्रेमानं धपाटा घातलेला. मी आबांकडे धावलो.

आबा ओट्यावर दाढी करून घेत होते. बातमी ऐकून त्यांनी न्हाव्याचा वस्तरा थांबवला. मग म्हणाले, "फुकायचं असतंय का बडवायचं?"

"छेडायचं असतंय, आबा."

"मग लिही. आपल्याला लई दुःख झालंय."

एवढ्यावर भागणार नव्हतं. निवडणूक तोंडावर आलेली. विरोधातल्या विजयसिंहांनी पंडितजींचा हार घातलेला फोटो केव्हाच टाकला होता. फोटोला फोटोनं उत्तर देणारा माणूस मी नव्हे. आठवण पाहिजे! आबांकडे ती नव्हती, म्हणून मी दिली.

धंद्यातलं एक गुपित सांगतो. खोटी आठवण लिहायची तर तपशील खरे लागतात, आणि ते आपल्याच घरातून उचलावे लागतात. मगच त्यांना खऱ्याचा वास येतो. आता हे वाचा.

पोस्ट.
'पंडितजी, तो उन्हाळा विसरता येत नाही. आमच्या सौभाग्यवती धारूरला माहेरी गेलेल्या. घरात मी एकटाच. गाडी बिघडली म्हणून तुम्ही दारात उभे राहिलात. ताटात चुलीवरची गरम भाकरी पडत होती आणि तुम्ही ठेच्यासोबत खात होतात. पाचवी भाकरी मोडताना म्हणालात, भगवानराव, तुमच्या अंगणात सूर आहे. आज ते अंगण पोरकं झालं.'

पाचव्या भाकरीपाशी मला स्वतःलाच भरून आलं. लोकांचं तर विचारू नका. दुपारपर्यंत हजारो माणसं त्या अंगणात येऊन रडून गेली. आबांनी पोस्ट माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि डोळे पुसले. संध्याकाळी ते पारावर सांगत होते की पंडितजींची गाडी पांढरी होती. पांढरी गाडी मी लिहिलेली नव्हती!

मग विजयसिंहांची कॉमेंट आली. शिवी नाही, आरोप नाही.

कॉमेंट.
'आबा, मन हेलावलं. फक्त एक शंका. काकू माहेरी, घरात तुम्ही एकटे. मग गरम भाकरी ताटात टाकत कोण होतं?'

खाली हात जोडलेले.

मी ती पुसायला घेतली, पण तोवर भिवराकाकूंनी चष्मा लावून वाचली होती. भिवराकाकू म्हणजे आबांच्या पत्नी. आबांना मतं देणारे दर निवडणुकीला बदलतात. काकूंना घाबरणारे मात्र कायम तेच, आणि त्यात पहिला नंबर आबांचा.

मला बोलावणं आलं. स्वयंपाकघराला बाहेरून कडी होती. आबा ओट्यावर रिकाम्या ताटापुढे बसलेले, दुष्काळाच्या पाहणीला आलेल्या पथकासारखे. नुसतं बघायचं, हात लावायचा नाही.

काकू म्हणाल्या, "रामेश्वर, पंडित आलता का न्हाई, ते मी इचारतच न्हाई. आला आसंल बिचारा. पाच भाकरी खाल्ल्या आसतील. थापल्या कुणी, तेवढं सांग."

आता आबा कुठं अडकले होते ते बघा. पंडित आलेच नव्हते म्हणावं, तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. आले होते म्हणावं, तर घरात नाही. आबांनी डोळ्यांनी मला खुणावलं. अर्थ स्पष्ट होता, गाठ तू मारलीस, तूच सोडव बे. मी आयुष्यात कधी गांगरलेलो नाही. म्हटलं, "काकू, आबांनी स्वतः थापल्या."

काकू ओरडल्या असत्या तर बरं होतं. माठ घरात कोणत्या कोपऱ्यात असतो हे ज्याला अजून विचारावं लागतं, त्या माणसाकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कडी तशीच ठेवून उठून गेल्या.

मी लगेच कामाला लागलो.

पोस्ट, सुधारून.
'होय. त्या भाकऱ्या मी माझ्या या हातांनी थापल्या. भाकरीला बाई काय आणि पुरुष काय!'

महाराष्ट्र कोसळला! गावोगावच्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना ती पोस्ट पाठवली. 'नेता असावा तर असा,' असं लिहिणाऱ्यांची रांग लागली. पंधरवडाभर आबा महाराष्ट्रातले सगळ्यात नावाजलेले स्वयंपाकी होते. पंधरवडाभर ते बाजारातल्या भज्यांवर जगत होते.

आणि मग फोन आला. आरोही दाभाडे, पंडितजींची मुलगी. उद्या परळीला दर्शनाला निघतेय म्हणाली, वाटेत तुमच्या गावी थांबेन, बाबांचं ते अंगण पाहायचंय. आणि त्रास होणार नसेल तर आबांच्या हातची भाकरी.

मी म्हणालो, अवश्य. दुसरं काय म्हणणार?

काकूंनी हे ऐकलं आणि कपड्यांची पिशवी भरून दाराशी आणून ठेवली. आबांना म्हणाल्या, "उद्या त्या लेकराच्या म्होरं थापा. जमली तर मी खोटी, समद्या गावात पाया पडंन. न्हाई जमली तर त्या उन्हाळ्यात ह्या चुलीपाशी दुसरी कुनीतरी व्हती. मग मी चालले धारूरला भावाकडं, आन् परत यायची न्हाई."

सकाळी मी आबांना मोबाइलवर भाकरीचे व्हिडिओ दाखवले. आबांनी लक्षपूर्वक पाहिले. "सोपं हाय बे," म्हणाले, "भाषनात हात हालवतो तसंच हाय." पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. आमदारकी हरले तेव्हाही तो इतका बारीक झाला नव्हता.

आरोही एकटीच आली. साधे कपडे, झोप न झालेले डोळे. मी अंगणात माइक लावून ठेवला होता, तो तिनं काढायला सांगितला. बराच वेळ ती नुसती अंगणाकडे बघत उभी राहिली. फाटकापाशी अर्धं गाव, आणि कुंपणावरून मोबाइल धरलेला विजयसिंहांचा माणूस.

आबा भूमिपूजनाला बसावं तसे चुलीपुढे बसले.

पहिली भाकरी तळहाताला चिकटली. ती सुटावी म्हणून आबांनी हात जोरात हलवला. फाटकावरच्या लोकांना वाटलं नमस्कार करायलेत, त्यांनीही हात हलवले. दुसरी तव्यावर पोचली, पण तिला बीड जिल्ह्याचा आकार आला होता. केज-धारूर तव्यावर, आणि आष्टी तालुका थेट जाळात! तिसरी आबांनी वरून सोडली. मग काही वेळ धुरामुळे दिसलं नाही.

धूर विरला तेव्हा काकूंच्या हातात पिशवी होती.

आरोहीनं तव्यावरचा आष्टीशिवायचा जिल्हा उचलला, ताटात घेतला आणि खाली बसून खायला लागली. चावता चावता ती सावकाश बोलत होती. बाबा गेल्यापासून ती अशा बऱ्याच घरी जाऊन आली होती. बाबा सगळीकडे जेवलेले होते. कुठं पुरणपोळी, कुठं मासे, कुठं रात्रभर गप्पा. तिच्या घरी मात्र ते जेवायला फारसे नसायचेच. आई ताट झाकून ठेवायची.

मग तिनं आबांकडे पाहिलं. "आबा, बाबा इथं आले नव्हते ना? कुठल्या तरी एका घरी ते गेले नव्हते, एवढंच मला कुणीतरी सांगा."

आबांनी फाटकाकडे पाहिलं. कुंपणावरच्या मोबाइलकडे पाहिलं. मग काकूंच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि तिथंच थांबले.

"न्हाई आले, बाई," ते म्हणाले. "मी सरोद अजून बघितला बी न्हाई. भाकरी कुनीच थापली न्हाई. हे समदं ह्या रामेश्वरनं लिवलंय."

(शेवटच्या वाक्याची काही गरज नव्हती, असं माझं मत आहे.)

काकूंनी पिशवी खाली ठेवली. चुलीपाशी गेल्या आणि आबांना म्हणाल्या, "सरका तिकडं." पीठ घेतलं, ऊन पाणी घेतलं, आणि पहिलीच भाकरी अशी टम्म फुगली की फाटकावरचे लोक हरखले. ती आरोहीच्या ताटात टाकून म्हणाल्या, "खा माय. ही खरी हाय."

दुसरी भाकरी मोडताना ती पोरगी रडली. त्या वेळी कुणीही मोबाइल काढला नाही. कुंपणावरच्यानंसुद्धा खाली केला.

मी मात्र समाधानानं घरी आलो. संसार वाचला होता, आणि त्यात माझा वाटा काही थोडाथोडका नव्हता! मनीषाला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं पहिल्यापासून सांगितलं, तपशील आपल्याच घरातून कसे उचलायचे त्या गुपितासकट. ती मन लावून ऐकत होती. आष्टीपाशी तर खळखळून हसली. मग तिनं माझ्यापुढे ताट ठेवलं. रिकामं.

"तपशील समदे आपल्याच घरातले म्हना की."

"मग!"

"मागच्या उन्हाळ्यात मी सिरसाळ्याला माहेरी गेलते. तुमी हितं एकटेच व्हता." ती समोर बसली. "तवा ताटात गरम भाकरी कोण टाकत व्हतं?"

मी आयुष्यात कधी गांगरलेलो नाही. म्हटलं, "मीच थापायचो."

तिनं परात माझ्यापुढे सरकवली.