थिजलेल्या कारकुनाला मंजुरी

येरमाळ्याच्या अर्पितानं पुण्याची नोकरी नाकारून घरीच कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायला घेतले, तेव्हा तिच्या आईनं, विठाबाईनं, बजावलं होतं: सरकारी काम मिळालं तर इथं राहा, नाहीतर पुण्याची गाडी धर. काम मिळालं. सरकारला नागरिकांना दाखला काढायला शिकवणारा खेळ हवा होता. त्याच्या परीक्षणासाठी रीतसर समिती बसली.

ऐन सादरीकरणात खेळ पॉज झाला आणि पडद्यावरचा कारकून शिक्का उगारून थिजला. त्याच्या खिडकीपुढं दाखल्यासाठी उभ्या माणसाचं वय मात्र वेगळ्या घड्याळावर चालत होतं. त्याचे केस पांढरे होऊ लागले. पॉज काढला, तर कारकुनाचा हात स्लो मोशनमध्ये उतरू लागला, काकवीत बुडाल्यासारखा. अर्पितानं घाईघाईनं कळा दाबून पाहिल्या. समिती निवांत चहा पीत होती.

"साहेब, यात दोष हाय," तिनं कबूल केलं.

अध्यक्ष गौरीशंकरसाहेबांनी पडदा निरखला. "कुठं? मला तर काही दिसंना."

बिचारीनं तिथंच बसून दोष दुरुस्त केला. आता माणसानं अर्ज दिला, शिक्का बसला, माणूस घरी गेला. समितीत खळबळ उडाली.

"ह्यो कुणाचा पाव्हणा हाय?" सदस्य कल्याणप्पांनी विचारलं.

"कुणाचाच न्हाय."

"मग एवढ्या लवकर कसं? जनतेची दिशाभूल व्हईल, ताई."

दुरुस्ती 'वस्तुस्थितीशी विसंगत' म्हणून फेटाळण्यात आली आणि खेळ मूळ दोषासह मंजूर झाला. अर्पिताला गावात राहायला मिळाल्याचा आनंद झाला, अन् त्या आनंदाची लाजही वाटली.

खेळ गावोगाव गेला. पहिला फोन माकणीच्या निवृत्त ज्ञानोबा गुरुजींचा आला.

"पोरी, तुझा कारकून लई हळू चालतोय."

चला, कुणीतरी बोललं! अर्पिताला बळ आलं. "व्हय गुरुजी. तुम्ही लेखी तक्रार करा, सगळ्यांचाच वेग वाढवते."

"सगळ्यांचा कशाला? आमच्यापुरतं बघ की. तुझ्या बापाला नागरिकशास्त्र म्याच शिकवलंय."

मग तसेच फोन येत राहिले. लोकभावनेचा आदर म्हणून समितीनं खेळात 'ओळख' नावाचं बटण घालायला सांगितलं. ते दाबलं की आपला कारकून पळतो आणि इतरांचा थिजतो. अर्पितानं नकार देऊन पाहिला; विठाबाई पुण्याच्या गाडीची वेळ विचारून आली. बटण बसलं.

आता खेळाविरुद्ध एकही तक्रार नाही. बटण मात्र सरसकट कुणालाही मिळत नाही. तुमचं काही अडलं असेल तर सांगा. अर्पिताचे मामा आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत.